तेहतिसाव्या रस्त्यावरचं घर

फिलाडेल्फिया,
रविवार

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, आधी तुझं. मी पोटभर जेवते. व्हिडिओत गाल बसलेले दिसले ते खोलीतल्या दिव्यामुळं. ज्वारीचं पीठ इथं मिळतं, परवाच भाकरी केली, कडेनं चिरली पण पोटात गेली. कोट जाड आहे. आणि मी रात्री क्लबात जाते असं काकूंनी सांगितलं म्हणे, तर तो क्लब म्हणजे बसून जॅझ, म्हणजे इथलं वाद्यांचं संगीत, ऐकायची जागा. ऑफिसातल्या दोघी सोबत असतात, मी लिंबूसोडा घेते, साडेदहाला घरी येते. यात लपवण्यासारखं काही नाही, उलट बाबांना ते सगळं सांगायचंच होतं.

बाबा, इथली एक रीत मला अजून उमगत नाही. वाजवणं चालू असताना लोक मधेच टाळ्या वाजवतात. आपल्याकडं समेवर आल्यावर 'वा' म्हणतात, तसं नव्हे. आधी सगळे मिळून मुखडा वाजवतात. मग सॅक्सोफोनवाला पुढं येऊन त्याच चालीवर स्वतःच्या मनचं वाजवतो, पाच मिनिटं, सात मिनिटं. त्याचं झालं की पियानोवाला घेतो, आणि नेमक्या त्या सांध्यावर टाळ्या पडतात. म्हणजे पियानोवाल्याचे पहिले सूर बुडाले. पुढं त्याला टाळ्या, तेव्हा बासवाल्याचे बुडाले. शेजारच्या आजीबाईंना मी विचारलं, त्या बिचाऱ्याचं काय? त्या म्हणाल्या, ज्याचं झालं त्याला पावती तिथंच द्यायची, शेवटापर्यंत उधार ठेवायची नाही. आता मीही टाळ्या वाजवते, पण हात अजून अडखळतो.

त्या रात्री एका पोरानं जॉन कोल्ट्रेन या जुन्या नामवंत सॅक्सोफोनवाल्याची १९५९ सालची एक रचना वाजवली. दर दोन ठोक्यांना स्वरमेळ, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदलतो, चाल तीन पट्ट्यांत गरगरत राहते, आणि लय अशी की श्वास कुठं घेतला ते कळत नाही. सॅक्सोफोन शिकणारी पोरं आजही तिच्यावर घाम गाळतात. आजीबाई म्हणाल्या, कोल्ट्रेन आमच्याच गावात राहायचा, घर बघून ये.

गेल्या शनिवारी गेले. नॉर्थ ३३ वा रस्ता, घर १५११. ओळीतलं तीन मजली विटांचं घर, समोर मोठी बाग. आता दुरुस्तीची वाट बघत उभं आहे. बाहेर सरकारी पाटी आहे. नौदलात नोकरी केलेली असल्यानं माजी सैनिकांच्या कर्जावर त्यानं ते १९५२ साली घेतलं, आणि आईला, मावशीला, मावसबहिणीला तिथं ठेवलं. वडील शिंपीकाम करायचे, हा बारा वर्षांचा असतानाच गेले. आधी गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, मग सॅक्सोफोन. तुमचं पण असंच ना, बाबा?

१९५७ मध्ये हेरॉइनच्या व्यसनामुळं ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसनं त्याला आपल्या ताफ्यातून काढलं. त्या साली त्यानं याच घरात व्यसन सोडलं. पुढं १९६४ च्या डिसेंबरात चार भागांची एक प्रार्थना एका दिवसात रेकॉर्ड केली. शेवटच्या भागात स्वतः लिहिलेली कविता तो शब्दाशब्दानं सॅक्सोफोनवर म्हणतो, तोंडानं एक अक्षर नाही. डोळे मिटून ऐकलं तर कुणी अभंग आळवतोय असंच वाटतं. आपल्या संगीताचा त्याला फार ओढा होता, रविशंकरांवरून मुलाचं नाव रवी ठेवलं. मूल दोन वर्षांचंही नव्हतं, तेव्हा १७ जुलै १९६७ ला यकृताच्या कॅन्सरनं गेला. चाळीस वर्षांचा होता. तोच मुलगा आज सॅक्सोफोन वाजवतो.

पण तुम्हाला मुद्दाम सांगायचंय ते वेगळंच. १९६० साली त्यानं नाटकातलं एक लोकप्रिय गाणं घेतलं, दादऱ्यासारख्या तीनतीनच्या वजनात, आणि सरळ नळीच्या सॅक्सोफोनवर ते जवळजवळ चौदा मिनिटं फुलवलं. लांबून क्लॅरिनेटच वाटेल. जग त्याला कलाकार म्हणतं. बाबा, मिरजेत वरात मारुतीच्या देवळापाशी अडली की तुम्ही सिनेमाचं गाणं असंच धरून ठेवायचा. दर फेरीला वेगळं. नवरदेव घोड्यावर ताटकळायचा आणि म्हातारी माणसं तुमच्याकडं बघत उभी राहायची. त्या गर्दीत मी मैत्रिणींच्या मागं दडायचे, लाल कोटातल्या माणसाची मुलगी म्हणून कुणी ओळखू नये म्हणून. तुम्हाला ते दिसत असणार. मला माफ करा.

आता कामाचं. पप्पूच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही, व्हिसाचं काम अर्धवट आहे, आत्ता बाहेर पडले तर परत येणं अवघड. त्याला मीच फोन करते, तुम्ही रागावू नका. पुण्याच्या स्थळाचा फोटो बघितला. माणूस चांगला दिसतो. नाही म्हणत नाही, पण मार्चपर्यंत थांबायला सांगा. आई, रडू नकोस, खरंच विचार करतेय.

खात्यात पन्नास हजार टाकलेत. ते हप्त्यात घालायचे नाहीत, पत्र्याला पण नाहीत, ते मी वेगळे पाठवीन. माझ्या फीसाठी तुम्ही विकलात ना, त्याच्या जागी दुसरा सॅक्सोफोन घ्यायचा. दम लागतो हे कारण चालणार नाही, हळू वाजवा.

आपल्या गल्लीतले एक जण पुढच्या महिन्यात गावी येताहेत, त्यांच्याबरोबर सॅक्सोफोनच्या रीडची, म्हणजे तोंडाशी लावायच्या पात्यांची, डबी पाठवते. दुकानात गेले होते, पण माणसानं विचारलं, अल्टोची (लहान सॅक्सोफोनची) की टेनरची (मोठ्याची), आणि किती नंबरची. मला सांगता आलं नाही. एवढं कळवा.

तुमची,
बबी