फुलबॅकची चूक छापता, मग विंगरची का नाही?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर फुटबॉलचा वृत्तान्त असला की मी आधी तो वाचतो, बाकीचं पान नंतर. अलीकडे त्यात एक वाक्य सारखं दिसतं: ‘उजव्या बगलेचा बचाव ढिसाळ ठरला.’ कधी उजव्या, कधी डाव्या. खापर मात्र दरवेळी फुलबॅकच्या, म्हणजे बगलेवरच्या (मैदानाच्या कडेच्या) बचावपटूच्या डोक्यावर. त्याच्या पुढे त्याच बगलेवर खेळणारा विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक, त्या वेळी कुठे होता, हे मला एकदाही वाचायला मिळालेलं नाही. मी बरीच वर्षं राइट-बॅक, म्हणजे उजवा फुलबॅक, म्हणून खेळलो, आता मुलांना शिकवतो. हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१८ डिसेंबर २०२२ चा अर्जेंटिना-फ्रान्स विश्वचषक अंतिम सामना घ्या. तो मेस्सी विरुद्ध एम्बापे असा रंगवला गेला, आणि गोलांचा हिशेब पाहिला तर त्यात चूकही नाही. पण तो सामना वळत होता बगलेवर. अर्जेंटिनाचे प्रशिक्षक स्कालोनी यांनी डी मारियाला त्या दिवशी डावीकडे उतरवलं. समोर फ्रान्सचा राइट-बॅक कुंदे, जो मुळात सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू. त्याच्या पुढे विंगर डेम्बेले, ज्याचा सगळा ओढा पुढे. एकविसाव्या मिनिटाच्या आसपास डी मारियाने डेम्बेलेला चकवून पेनल्टी क्षेत्रात मुसंडी मारली आणि मागून आलेल्या डेम्बेलेने त्याला पाडलं. त्या पेनल्टीवर मेस्सीने पहिला गोल केला. ३६ व्या मिनिटाला चाल उजवीकडून झाली आणि शेवटचा फटका मारला तो डावीकडून मोकळ्या आलेल्या डी मारियानेच. फ्रान्सचे प्रशिक्षक देशाँ यांनी मध्यंतराचीही वाट पाहिली नाही. ४१ व्या मिनिटाला त्यांनी जिरूबरोबर डेम्बेलेला बाहेर काढलं, कुंदेला मात्र मैदानात ठेवलं. त्या बगलेवरची गळती कुणामुळे आहे, याचा त्यांचा निवाडा मला त्यात स्पष्ट दिसतो.

पुढचंही तसंच. ६४ व्या मिनिटाला डी मारिया बाहेर गेला आणि त्याच्या जागी आकुन्या आला, जो खरा लेफ्ट-बॅक. फ्रान्सच्या उजव्या बाजूवरचं ओझं तिथे हलकं झालं. ७१ व्या मिनिटाला देशाँ यांनी उजव्या बगलेवर कोमानला आणलं आणि कामाविंगासारख्या मधल्या फळीतल्या खेळाडूला लेफ्ट-बॅक केलं. ८० आणि ८१ व्या मिनिटांना एम्बापेचे दोन गोल झाले. त्यातल्या दुसऱ्याची सुरुवात कोमानने मेस्सीच्या पायातून चेंडू काढून घेतला तिथे झाली. जादा वेळेत ज्याच्या हाताला चेंडू लागून फ्रान्सला बरोबरीची पेनल्टी मिळाली तो अर्जेंटिनाचा मॉन्टिएल, आणि शूटआउटमध्ये शेवटची निर्णायक पेनल्टी मारणाराही तोच. तो राइट-बॅक आहे. एवढा मोठा सामना, आणि दुसऱ्या दिवशी फुलबॅकांवर किती ओळी आल्या होत्या, हे आपणच आपला जुना अंक काढून पाहावं.

आता फुलबॅकचं काम नेमकं काय असतं ते सांगतो. समोरून चेंडू घेऊन विंगर धावत येतो तेव्हा त्याच्यासमोर छाती करून उभं राहायचं नसतं. अंग तिरकं, एक पाय मागे, गुडघे सैल, नजर चेंडूवर; त्याच्या खांद्याच्या हुलकावणीकडे पाहायचंच नाही. हात लांब केला तर जेमतेम पोचेल इतकं अंतर ठेवायचं आणि मागे सरकत सरकत त्याला टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेकडे, ढकलायचं. मुलांना हे पटायला वेळ लागतो, कारण त्यांना लगेच पाय घालून चेंडू हिसकावायचा असतो. मी सांगतो, हिसकावू नकोस, दोन-तीन सेकंद काढ. तेवढ्या वेळात आपला विंगर मागे धावत येतो, एकाचे दोन होतात, आणि मग चेंडू काढणं सोपं असतं. विंगर आलाच नाही तर ते सेकंद वाया जातात. प्रतिस्पर्ध्याचा फुलबॅक बाहेरून वळसा घालून पुढे निघतो आणि आपला पोरगा दोघांच्या कात्रीत सापडतो. त्यानंतर क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू, येतो, गोल होतो, आणि प्रेक्षकांना चुकलेला दिसतो तो एकटा फुलबॅक.

हे मोठ्या मोठ्यांचंही होतं. एप्रिल २०१० मध्ये इंटर मिलानने बार्सिलोनाच्या मैदानावर चॅम्पियन्स लीगची उपान्त्य लढत अर्ध्या तासाच्या आतच दहा जणांवर आल्यानंतरही राखली. एटोसारखा गोल करणारा आघाडीचा खेळाडू त्या रात्री बगलेवर खाली उतरून जवळजवळ फुलबॅक म्हणून खेळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टॉटनहॅमने त्याच इंटरला ३-१ हरवलं. दोन गोल गॅरेथ बेलने डावीकडून दिलेल्या चेंडूंवर झाले आणि माइकॉन, त्या काळचा अव्वल राइट-बॅक, बदनाम झाला. बेल त्या दिवशी अफाट खेळला, त्याचं श्रेय त्यालाच. पण माइकॉन पुन्हा पुन्हा एकटा पडलेला मी पाहिला. सहा महिन्यांत एखादा माणूस खेळ विसरत नाही.

आक्रमणातही हीच जोडी. दोघांनी टचलाइनला चिकटून उभं राहून चालत नाही, समोरचा एकच बचावपटू दोघांना पुरतो. विंगर आत शिरला तर फुलबॅकने बाहेरून धावायचं. विंगर बाहेर थांबला तर फुलबॅकने आतल्या बाजूने जायचं, लाम आणि अलाबा हे फुलबॅक बायर्नमध्ये प्रशिक्षक गार्डिओलांच्या काळात जात तसं. लिव्हरपूलच्या २०१८-१९ च्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये राइट-बॅक अलेक्झांडर-अर्नोल्डचे १२ असिस्ट (गोलआधीचे शेवटचे पास) होते आणि लेफ्ट-बॅक रॉबर्टसनचे ११. विंगर सलाह आणि माने आत शिरून प्रत्येकी २२ गोल करत होते, कारण बाहेरची जागा हे दोघे भरत होते. १९७० च्या विश्वचषक अंतिम सामन्यातला ब्राझीलचा चौथा गोलही असाच. उजवा विंगर जैरझिन्हो डावीकडे गेला, इटलीचा लेफ्ट-बॅक फाकेट्टी त्याच्यामागे ओढला गेला, आणि रिकाम्या उजव्या बगलेवरून धावत आलेल्या राइट-बॅक कार्लोस अल्बेर्तोला पेलेने चेंडू दिला. गोल सगळ्यांना आठवतो. जैरझिन्होने मोकळी केलेली ती बगल फारशी कुणी आठवत नाही.

माझ्याकडे एक लेफ्ट-बॅक आहे. वेग उत्तम, डावा पाय नेमका. हल्ली तो मध्यरेषा ओलांडायला बिचकतो. पुढे गेला आणि मागे जागा सुटली तर ओरडा त्यालाच बसतो, त्याची जागा धरायला हवी होती त्या विंगरला कुणी बोलत नाही. परिणाम असा की आमची डावीकडची चाल लंगडी झाली आहे. विंगरला एकट्याला दोघांशी झुंजावं लागतं, तो चेंडू गमावतो आणि तोच चेंडू उलटून आमच्यावर येतो. पालक येऊन विचारतात, ‘याला मागे का ठेवलंय, पुढे का खेळवत नाही?’ बऱ्याच ठिकाणी सर्वांत कच्च्या मुलाला फुलबॅक करतात, त्यामुळे त्यांना तो कमीपणा वाटतो. त्यांना समजावताना माझ्याजवळ दाखवायला वर्तमानपत्रातलं एक कात्रणही नसतं.

आपल्याकडून फार अपेक्षा नाही. गोल बगलेवरून आला असेल तर त्या बाजूच्या दोघांचीही नावं द्यावीत आणि कोण कुठे होता ते एका वाक्यात सांगावं. खेळाडूंना गुण देता तेव्हा फुलबॅकचे गुण कापण्याआधी त्याच्या विंगरचं मागे धावणं पाहावं. संघ छापताना नावं उजवीकडून डावीकडे, जागेनुसार द्यावीत, म्हणजे कोणत्या फुलबॅकपुढे कोणता विंगर होता हे वाचकाला कळेल. जागा कमी पडत असेल तर गोलनंतरच्या जल्लोषाचं वर्णन कापलं तरी चालेल.

आपला नियमित वाचक,
एक माजी राइट-बॅक