ज्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी काकूंना पुन्हा बोटीवर चढवलं, त्यांना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

काकू लक्षद्वीपहून सुखरूप परतल्या, हे त्यांनी तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल. तरी हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. घोटा, गुडघा किंवा खुबा मोडून घरी बसलेली आणि ‘आता प्रवास संपला’ असं ऐकून गप्प झालेली माणसं आपल्या नागपुरात पुष्कळ आहेत, त्यांच्याही वाचनात यावं म्हणून. क्रूझच्या सहली लावणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे बोट मला कळते. पाय तुम्हाला कळतो. पण त्या पायाला बोटीवर नेमकं काय करावं लागणार आहे, हे विचारलं फक्त तुम्ही.

काकूंचा घोटा दोन्ही बाजूंनी मोडला होता. प्लेट आणि स्क्रू टाकून जोडला. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्लास्टर निघाल्यावर त्या रुग्णालयातून त्यांच्या हाती आला झेरॉक्स काढून काढून पुसट झालेला व्यायामाचा एक कागद आणि ‘या वयात बोटीबिटीवर कशाला जायचं?’ हा सल्ला. एक्स-रेत हाड जुळलं की यांच्या लेखी पेशंट बरा! काकूंच्या मुलाने आधी ज्यांच्याकडे चौकशी केली, त्या बुकिंगवाल्यांनी तर फॉर्मवर ‘व्हीलचेअर’ एवढा एक शब्द लिहिला आणि खोली दिली साधी, बोटीच्या अगदी पुढच्या टोकाची. साध्या केबिनचं दार जेमतेम दोन फुटांचं असतं. आपल्याकडची नेहमीची व्हीलचेअर त्यातून जात नाही, आणि रुंद दाराच्या खोल्या मोजक्याच असल्याने त्या आधीच मागाव्या लागतात. शिवाय पुढचं टोक सगळ्यांत जास्त वरखाली होतं. खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मधोमध असलेली खोली सगळ्यांत शांत. एवढंही ज्यांना सांगावंसं वाटलं नाही, त्यांनी लोकांचे पैसे घेऊ नयेत.

तुम्ही मात्र मला फोन करून विचारलंत, ‘बोटीवर पाय कुठे कुठे उचलावा लागतो? आणि किती?’ मी सांगितलं: बाथरूमच्या दारात पाणी अडवायला चार ते सहा इंचांचा उंबरठा, डेकवर जाताना जड दार आणि खाली पट्टी, मग जिने. लिफ्ट असते, पण आणीबाणीत ती वापरायची नसते. 2012 साली इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया बुडाली तेव्हा नव्याने चढलेल्या प्रवाशांची आणीबाणीची कवायत, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची तालीम, व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला आणि 2015 पासून ही कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटता सुटताच घ्यावी लागते. जिना उतरता येत नसेल तर मदतनीस मिळतो, पण तसं आधी कळवून ठेवावं लागतं. तुम्ही हे सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘म्हणजे खरं काम उतरण्याचं आहे.’

आणि मग तो पाट.

काकूंना सपाट जागी चालता येत होतं, चढताही येत होतं. उतरायचं म्हटलं की मोडलेला पाय अंग सोडायचा. कारण तुम्हीच दाखवलंत. भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला लावलात. चांगलं पाऊल भिंतीपासून दहा सेंटीमीटरवर असतानाही गुडघा टेकत होता, मोडलेलं चार सेंटीमीटरहून लांब ठेवलं की टेकत नव्हता. घोटा पुढे वाकला नाही तर पायरी उतरताना शरीर हळू खाली येत नाही, धपकन पडतं. म्हणून तुम्ही जेवायचा लाकडी पाट मागवलात. मोडलेला पाय पाटावर, चांगला पाय समोर अधांतरी, आणि त्या पायाची टाच हळूहळू जमिनीकडे न्यायची. काकू घाबरल्या. तेव्हा तुम्ही सरळ फरशीवर मांडी घालून बसलात आणि जिथे टाच टेकणार, तिथे आपला तळहात उताणा ठेवलात. ‘हाताला नुसता स्पर्श करायचा. भार पाटावरच्या पायावर.’

‘अवं मॅडम, हात चेपला जाईन ना तुमचा!’

‘नाही चेपणार. मी बघते आहे.’

पहिल्या खेपेला टाच दाणकन आलीच. तुमचा चेहरा मी पाहिला; दुखलं होतं. हात तुम्ही काढून घेतला नाहीत. पुढच्या खेपेला काकूंनी श्वास रोखून, मांडी थरथरत असताना, टाच इतकी हळू टेकवली की तुमची बोटंही हलली नाहीत. बाहेर पेशंटची रांग लागली होती आणि तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. पुढे पाटाऐवजी चार इंचांची फळी आली, मग सहा इंचांची. पण भीती गेली ती त्या दिवशी. मॅडम, या सगळ्यातली हीच गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

तोल सांभाळण्याचं तुम्ही घरच्यांनाही समजावलंत, ते सगळ्यांना उपयोगी पडेल. घोट्याभोवतीचे स्नायुबंध मेंदूला सतत खबर देत असतात की पाऊल कुठे कललं आहे. दुखापतीने आणि प्लास्टरमधल्या मुक्कामाने ती खबर मंदावते. घरात डोळे ती उणीव भरून काढतात. बिनखिडकीच्या केबिनमध्ये भिंती स्थिर दिसतात आणि जमीन मात्र हलते, तिथे डोळे फसतात. म्हणून ओट्याशी एका पायावर उभं राहणं, बोटं ओट्याच्या जवळ पण न टेकवता; ते जमलं की घडी केलेल्या घोंगडीवर; मग डोळे मिटून, कुणीतरी पाठीशी उभं असताना. घाईने पुढची पायरी गाठली तर सांध्याला सूज येते आणि आठवडा वाया जातो, हेही तुम्ही बजावलंत.

काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात, मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठीच्या टोकाच्या रबरावरच्या खाचा झिजल्या होत्या, ओल्या डेकवर ती सरकलीच असती. ते रबर तुम्ही स्वतः बदलून दिलंत. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळीने गुंगी येते आणि गुंगीत तोल जातो, म्हणून ती कधी घ्यायची हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून घेतलंत.

लक्षद्वीपला बेटाभोवतीच्या प्रवाळ खडकांमुळे आतलं पाणी उथळ, मोठी बोट बाहेरच थांबते. तिथून छोट्या होडीत उतरायचं, आणि होडी लाटेवर वरखाली होत असते. काठी आधी खलाशाकडे द्यायची, दोन्ही हात मोकळे ठेवायचे, त्याने आपली कोपराखालची बाजू धरली की आपणही त्याची तशीच धरायची, आणि तो म्हणेल त्या क्षणी पाऊल टाकायचं. मध्येच थबकायचं नाही. काकू थबकल्या नाहीत. खलाशाने ‘आता’ म्हटलं आणि पाऊल गेलं. त्यानेही होडी सुटेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही. येताना सीएसएमटीवर सामान घेतलेला हमाल काकूंच्या काठीकडे बघून न सांगता हळू चालायला लागला. अशी माणसं आहेत म्हणून दुखरा पाय घेऊन घराबाहेर पडायची हिंमत होते, आणि त्यांचे आभार कुणी मानत नाही, म्हणून त्यांचेही इथेच मानतो.

दुरांतोत खालचा बर्थ होता, पाय उशीवर उंच ठेवून काकू रात्रभर झोपल्या. सकाळी नागपूरला उतरताना सूज जवळजवळ नव्हती.

या खेपेला बोटीवरच्या उंबरठ्यांची, पायऱ्यांची, दारांची आणि कठड्यांची मापं टेप लावून घेतली आहेत. कागद वेगळा पाठवतो. तुमच्याकडे येणाऱ्या ज्याला लागेल त्याला द्या, सहल त्याने कुणाकडूनही काढलेली असो.

आपला आभारी,
क्रूझ सहलींचा एक आयोजक, नागपूर