गाळलेल्या जागा भरा, पण आधी वाक्य तर वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या गुरुवारच्या विद्यार्थी पुरवणीत इंग्रजी व्याकरणाच्या गाळलेल्या जागा येतात, वीस वाक्यं, खाली उलट्या अक्षरात उत्तरं आणि बाजूला चौकटीत "ट्रिक". मी कराडला घरीच मुलांची शिकवणी घेते, पाचवी ते दहावी, जास्त करून सेमीची मुलं, आणि ही पुरवणी आमच्याकडे दर गुरुवारी फाडून वहीत चिकटवली जाते, म्हणून हे पत्र. तक्रार आहे आणि थोडी विनंतीपण आहे.

गेल्या आठवड्यात सातवीतली एक मुलगी माझ्यासमोर बसून तुमचा आर्टिकलचा सराव सोडवत होती. मी भाजी निवडता निवडता बघत होते. पेन्सिल पहिल्या रेघेवर गेली, "द". दुसऱ्या रेघेवर, "द". तिसरीला जरा थांबली, मला वाटलं वाचतेय, तर नाही, "सारखं द द कसं येईल मावशी" म्हणून तिने "अ" लिहिलं. वाक्य तिने एकही वाचलं नव्हतं, फक्त रेघेच्या पुढचा एक शब्द बघायचा आणि ठोकून द्यायचं. वीसपैकी अकरा बरोबर आले आणि ती खूश! यात मुलीची चूक मी धरत नाही, आपण त्यांना शिकवलंच तसं आहे, रिकामी जागा दिसली की भरायची.

आता तुमच्या चौकटीतल्या ट्रिकबद्दल. "पासून असेल तर सिन्स वापरा" असं छापलं होतं. इथेच तर सगळी गडबड होते हो. मराठीत आपण सकाळपासून म्हणतो आणि तीन वर्षांपासून पण म्हणतो, दोन्हीला पासूनच. इंग्रजीत सकाळपासूनला सिन्स आणि तीन वर्षांना फॉर. मग पोरं लिहितात "सिन्स थ्री इयर्स" आणि मार्क जातो. मी मुलांना विचारते, हे मोजता येतंय का? तीन वर्षं, दोन तास, पंधरा दिवस हे मोजता येतं, तिथे फॉर. सोमवार, २०१९, सकाळ, दिवाळी ही एक खूण आहे, कॅलेंडरवर नाहीतर घड्याळात बोट ठेवून दाखवता येते, तिथे सिन्स. आणि त्याच वाक्यात क्रियापदाची जागा पण गाळलेली असली तर अजून एक खड्डा असतो, कारण आपण "मी तीन वर्षांपासून इथे राहतो" असं सरळ वर्तमानकाळात म्हणतो, इंग्रजीत तिथे "हॅव बीन लिव्हिंग" लागतं. मराठी वाक्य जसंच्या तसं उचललं की "आय अॅम लिव्हिंग" होणार.

पण मराठी दर वेळी आडवीच येते असंही नाही, उलट कधीकधी फार कामाला येते आणि हे कुठल्या गाइडात मी पाहिलेलं नाही. अ की अॅन हा प्रश्न घ्या. गाइडात लिहितात व्हॉवेल आला की अॅन, मग मुलं स्पेलिंग बघतात, यू दिसला की अॅन लावतात आणि "अॅन युनिफॉर्म" लिहून बसतात. मी सांगते, तो शब्द देवनागरीत लिही. युनिफॉर्म, पहिलं अक्षर य. युरोपियन, य. वन-रुपी, व. म्हणजे अ. आता अवर लिही, ऑनेस्ट लिही, अंब्रेला, एक्सरे, एमएलए. सगळ्यांची सुरुवात अ, ऑ, अं, ए अशी स्वरानेच, म्हणजे अॅन. स्पेलिंगमधला तो न बोलणारा एच आपल्या लिपीत येतच नाही, त्यामुळे फसायला जागाच उरत नाही. एवढंच की बोलताना उच्चार नीट पाहिजे, आमच्याकडे आमदाराला "यम्मेले" म्हणणारे पण आहेत, त्यांचं अवघड आहे. आणि कान आणि वर्ष हे दोन्ही आपण "इयर" असंच लिहितो, तिथे मात्र ही युक्ती पडते, तेवढा एक शब्द पाठच करायचा, कानाला अॅन आणि वर्षाला अ.

द चं पण तसंच करता येतं. "एक बस आली. ती बस रिकामी होती." पहिल्या बसला एक लागतंय, म्हणजे अ. दुसऱ्या बसला ती लागतंय, आपण आत्ताच बोललो तीच, म्हणजे द. हे कळायला आधीचं वाक्य समोर लागतं ना! तुमच्या पुरवणीत "___ बस वॉज एम्प्टी" एवढं एकच वाक्य सुटं येतं, मग पोराने ओळखायचं कसं? आणि काही ठिकाणी काहीच लागत नाही, गो टु स्कूल, बाय बस, हॅव लंच, पण रेघ दिसतेय म्हणजे भरलीच पाहिजे असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलंय. तिथे फुली मारायची मुभा आहे हे कुठेतरी लिहा.

प्रेपोझिशनचं दुखणं सगळ्यात मोठं आणि त्याला एक औषध नाही. आपला "वर" सगळीकडे चालतो. टेबलावर पुस्तक, डोक्यावर पंखा, त्याच्यावर राग, तिच्यावर विश्वास. इंग्रजीत पुस्तकाला ऑन, पंख्याला ओव्हर नाहीतर अबव्ह, रागाला विथ, विश्वासाला इन, म्हणजे बिलीव्ह इन म्हणायचं असेल तर, आणि ट्रस्ट म्हटलं तर काहीच नको. हे नियमाने येत नाही, जोडीने पाठ करावं लागतं, अँग्री विथ, गुड अॅट, वेट फॉर, अफ्रेड ऑफ, जसं आपण नवऱ्याबायकोची नावं एकत्र लक्षात ठेवतो तसं. सुटी प्रेपोझिशन पाठ करून काही उपयोग नाही. माझ्याकडची मुलं क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री ऐकतात, "इन द एअर", "टु द बाउंडरी" त्यांच्या तोंडात आपोआप बसलंय, ते कोणी शिकवलं नाही. घरात इंग्रजी कानावर पडत नाही अशा मुलांना कुठून तरी कानावर पडायला पाहिजे. मराठीत "शाळे___ सुट्टी आहे" असं दिलं तर पहिलीचं पोर पण "ला" म्हणेल, चतुर्थी विभक्ती त्याला कुठे माहितीय.

आणि दोन उत्तरं बरोबर असतात तेव्हा काय करायचं? एका शाळेत (नाव नको) "शी सॅट ___ द चेअर" ला आमच्या एका मुलाने इन लिहिलं, बाईंनी फुली मारली कारण गाइडात ऑन होतं. हातवाली मोठी खुर्ची असली तर इन पण बरोबर आहे की. तो पोरगा मला विचारतो, खुर्ची कसली होती ते तर लिहिलंच नव्हतं. आता यावर मी काय बोलणार.

माझ्या मुलांना मी सांगते ते असं की पेन्सिल खाली ठेवायची, अख्खा उतारा एकदा वाचायचा, रेघेच्या ठिकाणी "हंहं" म्हणत, आणि गोष्ट काल घडलीय की रोज घडते ते आधी ठरवायचं, कारण बऱ्याचदा पहिल्या वाक्यातल्या जागेचं उत्तर चौथ्या वाक्यातल्या "येस्टर्डे" मध्ये असतं. मी पोचले तेव्हा गाडी सुटली, आणि मी पोचले तेव्हा गाडी सुटली होती, यातला फरक मराठी पोराला झोपेतही कळतो, तो "होती" दिसला की हॅड. "वन ऑफ द बॉइज" नंतर इज की आर? मुलांपैकी एक जण आहे, आहेत नाही, झालं. खात्रीच्या जागा आधी भरायच्या, अडलेल्या सोडून पुढे जायचं, शेवटी परत यायचं. शाळेच्या पेपरात रिकामं काही ठेवायचं नाही. माझा भाचा एमपीएससी करतो, त्याचं गणित वेगळं, तिथे चार चुकीच्या उत्तरांमागे एका बरोबर उत्तराचे मार्क जातात म्हणून तो आधी दोन पर्याय उडवतो आणि मगच अंदाज मारतो. अंदाज मारायचाच तर असा.

एक गोष्ट तुम्हाला वर्तमानपत्रवाले म्हणून मुद्दाम सांगते. उताऱ्यातला दर पाचवा वगैरे शब्द गाळून तो भरायला लावायचा, याला इंग्रजीत क्लोझ म्हणतात, आणि ती पद्धत विल्सन टेलर नावाच्या अमेरिकन माणसाने १९५३ मध्ये मांडली, कुठे तर जर्नलिझम क्वार्टरलीत, पत्रकारितेच्या नियतकालिकात. लिहिलेला मजकूर वाचायला किती सोपा आहे हे त्याला मोजायचं होतं. लोकांना जागा भरता आल्या तर मजकूर सोपा, नाही आल्या तर अवघड. म्हणजे नापास कोण व्हायचं तर लिहिणारा! आपण मात्र सगळा दोष पोराच्या माथी मारतो.

२००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, आमच्या वेळी पाचवीत एबीसीडी गिरवत होतो. आजची मुलं आमच्यापेक्षा चार वर्षं जास्त शिकतात आणि तरी त्या रेघेपाशी येऊन अडतात, तेव्हा तुमच्यासारख्यांनी थोडी मदत करावी. वीस सुटी वाक्यं नकोत, आठ-दहा ओळींचा एखादा उतारा द्या, एसटी स्टँडचा, आठवडी बाजाराचा, मॅचचा, काहीही, आणि त्यात दहाच जागा गाळा. उत्तरं त्याच पानावर उलटी छापू नका, मुलं पेपर फिरवून आधी तेच वाचतात, पुढच्या गुरुवारी द्या आणि प्रत्येक उत्तरापुढे का ते एका ओळीत लिहा. जिथे दोन उत्तरं चालतात तिथे दोन्ही छापा. ट्रिकची चौकट काढलीत तर जागा होईलच.

कळावे,
तुमची एक वाचक, कराड

ता.क. : त्याच अंकात प्रश्न १४ चं उत्तर "मॅरीड विथ" छापलंय. तिथे "मॅरीड टु" पाहिजे. आपण "त्याच्याशी लग्न" म्हणतो ना, त्या "शी" ने तुमच्या माणसाला पण फसवलं.