डोळ्याचं प्रेशर आणि बाकी सगळं

लेस्टर,
कोजागिरी

ती. दादा व सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

फोनवर वहिनी रडवेल्या झाल्या म्हणून सविस्तर लिहितो. पुन्हा ऑपरेशन झालेलं नाही. मोतीबिंदू एकदा काढला की परत येत नाही. आत बसवलेल्या भिंगामागचा पातळ पडदा काहींचा पुढे धुरकट होतो, तसा माझा झाला. त्याला लेसरने मधोमध भोक पाडलं. पाच मिनिटांचं काम, ना टाका ना पट्टी.

प्रेशर वाढलं हे खरं. पडद्याचे बारीक कण डोळ्यातलं पाणी वाहून जायच्या जाळीत अडकतात, मोरीच्या जाळीत शितं अडकावीत तसे. म्हणूनच लेसरआधी एक थेंब घालतात आणि नंतर तासाभराने प्रेशर मोजतात. साधारण 21 पर्यंत चालतं, माझं 28 निघालं. प्रेशर उतरवायची डायमॉक्सची गोळी दिली. बोटांना मुंग्या आल्या, सोडा बेचव लागला, बस. दुसऱ्या दिवशी 17. आईच्या काचबिंदूचंही डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं. तुम्हाला आधी सांगून काय झालं असतं? तिकडे सगळ्यांची जेवणं राहिली असती. डोळ्यापुढे ठिपके तरंगतात, ते कमी होतील. विजा चमकल्या किंवा बाजूने पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी धावायचं, हे पाठ आहे.

वहिनी विचारत होत्या, प्रेशर बघायला चष्म्याच्या दुकानात का जातोस? इथे तशीच पद्धत आहे. मागच्या खोलीत ऑप्टोमेट्रिस्ट असते. डॉक्टर नव्हे, पण शिकलेली. हनुवटी टेकवायची. ती 'सॉरी' म्हणते, यंत्र डोळ्यावर फुस्सकन हवा मारतं, आपण दचकतो, ती पुन्हा 'सॉरी' म्हणते. एकेका डोळ्याला दोनतीनदा हवा, तितक्या सॉऱ्या. काही खटकलं तर ती हॉस्पिटलला पत्र लिहिते. निघताना फ्रेमी दाखवायला मात्र विसरत नाही. आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर ही तपासणी सरकारी खर्चाने. म्हणजे आई अजूनही माझे पैसे वाचवते! तिला सांग, हसेल.

दादा, तूही प्रेशर बघून घे. आई तुझीही तीच आहे. तिचे रात्रीचे थेंब हल्ली कोण घालतं? माझे मीच घालतो तर निम्मे गालावर जातात. तिचा तर हात थरथरतो. तूच घालत असशील. मी इथून विचारायचं आणि तू करायचं, असंच चाललंय आपलं.

या महिन्यात थोडे जास्त पाठवलेत. आधी आईची औषधं, उरतील ते मंडपवाल्याला. चिंगीचा मुहूर्त मार्गशीर्षात धरताय तर खुशाल धरा, डॉक्टरांनी विमानाला हरकत घेतलेली नाही. रजेचा अर्ज दिलाय. मिळेल. नाहीच मिळाली तरी हॉलचे पैसे माझे, ते पक्कं. मुलाकडच्यांसमोर 'काका इंग्लंडला' हे फार वाजवू नका, याद्या लांबतात. शालूचे पैसे वहिनींच्या खात्यात टाकतोय. तुझ्या हातात पडले की बियाण्यात जातात.

आईला सा. न., चिंगीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा