आबाजींच्या लॉजातला सिनेमा

ट्यूरिन, इटली
9 नोव्हेंबर

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझ्या सिनेमाची कथा वाचली. आबाजींचा बंद पडलेला लॉज, मुंबईहून आलेला वारस आणि खोली नंबर चार, इथवर बेस जमलं आहे. पण भूत तिसऱ्याच पानावर येऊन उभं राहतं, एवढी घाई काहून? इटालियन दिग्दर्शक लुचिओ फुल्चीचा 1981 चा सिनेमा ‘द बियॉण्ड’ बघ (आईसमोर लावू नकोस, डोळ्यांचे फार हाल आहेत त्यात). अमेरिकेतल्या लुइझियानातलं जुनं हॉटेल वारशाने नायिका लायझाच्या वाट्याला येतं आणि ती आपली साधी दुरुस्ती काढते. रंगारी पराँचीवरून पडतो. प्लंबर पाणी तुंबलेल्या तळघरात भिंत उकरतो आणि जिवाला मुकतो. नरकाच्या सात दारांपैकी एक त्या हॉटेलखालीच असतं. मिस्त्री बोलावला कोणी, तर वारसानेच. तुझा वारस नुसता घाबरत फिरतो, काही करत नाही, तिथेच कथा ढिली पडते.

तुला तर त्याहून बरी सोय आहे. ग्रामपंचायतीच्या घर-नोंदीत, नमुना आठला, नाव चढवायला हा पोरगा सह्या करत फिरतोय, त्या ओघात तो लॉजच्या जुन्या रजिस्टरातही सही ठोकतो. मालक म्हणून केली, की मुक्कामाला आलेलं गिऱ्हाईक म्हणून? ‘आल्याची वेळ’ भरली गेली, ‘गेल्याची वेळ’ कोरी. हा प्रसंग आधी लिही, बाकीचं मागून येईल.

ही सही कॅमेऱ्यासमोर आपोआप लाल उमटवायला कॉम्प्युटरची गरज नाही. पानाच्या डबीतला चुना चमचाभर घे, ग्लासभर पाण्यात ढवळ आणि झाकून रात्रभर ठेव. उघडा ठेवलास तर वर साय धरते आणि जोर उतरतो. सकाळी वरची निवळी हलक्या हाताने दौतीत काढ, तळ हलवू नकोस. अर्धा कप कोमट पाण्यात चमचाभर हळद कालवून फडक्यातून गाळ, कोऱ्या वहीच्या पानांना दोन हात दे आणि सावलीत वाळव, कारण उन्हात हळदीचा रंग उडतो. पान जुनं, पिवळट दिसेल, तसंच हवं आहे. आता नटाने टाक त्या पाण्यासारख्या निवळीत बुडवून सही करायची. अक्षर कागदावर उमटतं तेच लाल, आपलं कुंकू होतं तसंच. नटाला आधी सांगू नकोस, त्याचा चेहरा फुकटात मिळेल.

यात बिघडतं ते असं. हळद जाड झाली तर पान नारिंगी होतं आणि लाल उठून दिसत नाही. लाल रंग वाळता वाळता तपकिरी पडतो, म्हणून जवळचा शॉट आधी, चेहऱ्याचा नंतर. लिंबू फिरवलं की अक्षर परत पिवळं होतं, पण कागद फुगतो. त्यापेक्षा बारा पानं तयारच ठेव. निवळी डोळ्यात जाऊ देऊ नका, गेली तर भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे न्या.

मोबाइलवर सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद पक्कं कर. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बल्ब सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो. 1/50 मध्ये बरोबर दोन ठोके बसतात. ऑटोवर सोडलंस की भिंतीवर पट्टे सरकतात. जनरेटरवर हा हिशेब चुकतो, तेव्हा बॅटरीचा दिवा लाव. व्हाइट बॅलन्सही पक्का कर, नाहीतर फोन आपल्या मनाने हळद पांढरी करून टाकेल. बाहेरचे शॉट सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत उरकून घे. त्यानंतर आकाश काळं होऊन कवेलूची कडा दिसत नाही.

तळघराऐवजी तू मागच्या अंगणातलं पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) घेतलंस, हे मला फार आवडलं. पण त्यात कोणालाही उतरवायचं नाही. बंद पेवात प्राणवायू उरत नाही, माणूस ओरडायच्या आत पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही. फक्त तोंड दाखव, तेही कडेला दोराने अडवून. आतलं पाणी खोलीत कर: सहा बाय चार फुटांची विटांची चौकट, त्यावर काळी ताडपत्री, चार इंच पाणी. सव्वादोनशे लिटर लागेल, म्हणजे एका ड्रमहून थोडं जास्त. खालच्या काळ्या रंगाने ते अथांग दिसतं. जवळपास घरची वायर नको, तिथेही बॅटरीच.

आवाजाकडे पोट्टे दुर्लक्ष करतात. प्रत्येक खोलीत सगळे गप्प राहून मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा. ती नसली तर दोन वाक्यांच्या मध्ये भोक पडतं. बिजागऱ्यांना तेल घालू नका. माइक सहा इंचांवर धरून दार अगदी हळू लोट आणि तो आवाज निम्म्या वेगाने वाजव. करकर एक सप्तक खाली येते, मग दार कण्हतं.

आणि आबाजींचं खरं रजिस्टर शूटिंगला काढू नकोस. त्यात खऱ्या माणसांची नावं-गावं आहेत. दादाला सांग, ते कपाटात कुलपातच राहू दे.

तुझी,
आत्या