‘आयडा मागे चालली नव्हती’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘सफ्स’ या ब्रॉडवेवरच्या म्युझिकलविषयीचा लेख वाचला. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यावरचं हे नाटक. संहिता, गीतं, संगीत, सगळं एकट्या शायना टॉब यांचं. राष्ट्राध्यक्ष विल्सनचं कामसुद्धा बाईनेच केलेलं. लेखात या सगळ्याचं कौतुक आहे आणि ते रास्तच आहे. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझिक बॉक्स थिएटरमध्ये मी स्वतः प्रयोग पाहिला आणि मध्यंतरात डोळे पुसत बाहेर आले. पण १९२० साली ‘अमेरिकन स्त्रियांना’ मत मिळालं, एवढं सांगून आपला लेख संपतो. शेजारी फोटो आहे तो मताधिकाराच्या मोर्च्यात पांढऱ्या घोड्यावर बसलेल्या इनेझ मिलहॉलंड यांचा. तो फोटो पाहिला आणि मला एक तालीम आठवली.

मी इथे न्यू जर्सीत शिवणकाम करते. जवळच्या एका शाळेत मुलांचे गाण्यांचे कार्यक्रम होतात, त्यांचे कपडे बेतून देते. असाच एक कार्यक्रम मताधिकाराच्या चळवळीवर होता. त्यासाठी मी जांभळ्या, पांढऱ्या आणि सोनेरी रंगांचे अठरा सॅश, म्हणजे खांद्यावरून तिरके घ्यायचे पट्टे, शिवले. मोर्च्याचा प्रवेश बसवताना शिक्षिकेने उंचीप्रमाणे रांगा लावल्या. अठरा मुलींमध्ये एकच कृष्णवर्णीय आणि तीच सगळ्यांत उंच, म्हणून ती शेवटच्या रांगेत गेली. त्यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. मी तिच्या खांद्यावर सॅश टाचत होते. ती हळूच, मला एकटीलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आयडा मागे चालली नव्हती.”

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून मी शिक्षिकेशी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. प्रयोग तसाच झाला, टाळ्याही पुष्कळ पडल्या. मला मात्र ती मुलगी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

ती म्हणाली ते खरं होतं. ३ मार्च १९१३ला, विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टनमध्ये पाच हजारांहून अधिक स्त्रियांचा मोर्चा निघाला. आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या शिकागोहून इलिनॉय राज्याच्या तुकडीबरोबर आल्या होत्या. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या गोऱ्या बायका नाराज होतील, या भीतीने त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही सगळ्यांत मागे, कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गटात चाला. आयडा तिथून निघून गेल्या. मोर्चा सुरू झाला, इलिनॉयची तुकडी पुढे सरकली, तेव्हा त्या बघ्यांच्या गर्दीतून बाहेर आल्या आणि बेल स्क्वायर व व्हर्जिनिया ब्रुक्स या दोन गोऱ्या सहकाऱ्यांच्या मधोमध चालू लागल्या. यापेक्षा नाट्यमय प्रवेश कुणाला कल्पनेने तरी रचता येईल का?

‘सफ्स’ने आयडांना वगळलेलं नाही, हे आधी सांगते. त्यांना स्वतंत्र गाणं आहे आणि निकी एम. जेम्स ते गात होत्या तेव्हा माझ्या शेजारची खुर्चीसुद्धा करकरली नाही. पण म्युझिकलमध्ये नायिकेला सुरुवातीलाच एक गाणं मिळतं, ‘मला हे हवंय’ असं सांगणारं. मग पुढचे दोन तास ती त्यासाठी धडपडते आणि आपण नकळत तिच्या बाजूचे होतो. नाटकात हे भाग्य मोर्च्याच्या गोऱ्या नेत्या ॲलिस पॉल यांचं आहे. आयडांचं गाणं म्हणजे ॲलिसने मागे चालायला सांगितलं त्याला दिलेलं उत्तर. उत्तर कितीही सणसणीत असलं, तरी आयडांना स्वतःला काय हवं होतं ते त्यातून पुरतं कळत नाही.

आणि त्यांना जे हवं होतं, त्यावर आख्खा अंक उभा राहील. गुलामीत जन्मलेली ही बाई, झुंडीने केलेल्या हत्यांच्या बातम्या जीव धोक्यात घालून छापणारी पत्रकार. मोर्च्याच्या आधी, जानेवारी १९१३ मध्ये, त्यांनी शिकागोत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मताधिकारासाठी अल्फा सफ्रेज क्लब काढला होता. त्याच वर्षी जूनमध्ये इलिनॉयने स्त्रियांना राष्ट्राध्यक्षपदाच्या आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत मत दिलं. क्लबच्या बायका दारोदार हिंडून कृष्णवर्णीय स्त्रियांची नावं मतदारयादीत घालू लागल्या. पुरुष टोमणे मारत होते, घरी जाऊन पोरं सांभाळा म्हणत होते, तरी त्या रोज बाहेर पडत राहिल्या. १९१५ मध्ये ऑस्कर डी प्रीस्ट शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक झाले, त्यात या बायकांचा मोठा वाटा होता. जिने, बंद दारं, याद्या, मतमोजणीची रात्र: मला तर हे वाचतानाच कोरस ऐकू येतो.

इतरही आहेत. १९१२च्या न्यूयॉर्कच्या मोर्च्यात मेबल पिंग-हुआ ली ही चिनी मुलगी घोड्यावर बसून निघाली होती. चिनी लोकांना नागरिकत्व नाकारणारा कायदा १९४३ पर्यंत होता, त्यामुळे १९२०चं मत तिच्यासाठी नव्हतंच. मूळ अमेरिकन रहिवाशांना सरसकट नागरिकत्व १९२४ मध्ये मिळालं. दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रियांचं मत कागदावरच राहिलं, त्यासाठी १९६५चा मतदानहक्काचा कायदा यावा लागला. म्हणून १९२० म्हणताना ‘कोणत्या स्त्रियांना’ हेही लिहावं, ही माझी कळकळीची विनंती.

लंडनच्या ओल्ड विकमध्ये २०२३ साली ‘सिल्व्हिया’ नावाचं म्युझिकल झालं. त्यात ब्रिटनमधल्या मताधिकार चळवळीच्या गोऱ्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांची भूमिका बेव्हर्ली नाइट या कृष्णवर्णीय गायिकेने केली. मला ते मनापासून आवडतं, चांगल्या भूमिका सगळ्यांना मिळायलाच हव्यात. फक्त त्याने दुसरं काम झालं असं समजू नये. गोऱ्या नायिकेचे कपडे कृष्णवर्णीय नटीला बेतून दिले, तरी आयडांच्या मापाचे कपडे शिवायचे राहतातच.

आमच्या शाळेतल्या प्रवेशात त्या मुलीला शेवटच्या रांगेऐवजी प्रेक्षकांत बसवायला हवं होतं. गाणं अर्ध्यावर आलं की ती खुर्चीतून उठली असती आणि पायऱ्या चढून रांगेच्या मधोमध जाऊन उभी राहिली असती. कापड तेच, सॅश तोच, एका पैशाचाही जादा खर्च नव्हता. या वर्षी कार्यक्रम पुन्हा ठरला आहे आणि मी शिक्षिकेला भेटून हे सांगितलं आहे. ती मुलगी आता त्या शाळेत नाही.

आपल्या पुरवणीसाठी एक सुचवते. ५ मार्च १९१३च्या ‘शिकागो डेली ट्रिब्यून’मध्ये त्या मोर्च्याचा एक फोटो छापलेला आहे. डावी-उजवीकडे त्या दोघी सहकारी आणि मध्ये आयडा. या विषयावर पुन्हा लेख द्याल तेव्हा घोड्याऐवजी तो छापावा.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी