लेटरहेडवरची नावं आणि माडीवरची खोली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर इथल्या विद्यार्थ्यांच्या एका छोट्या संस्थेत विनावेतन विश्वस्त म्हणून गेले. आमच्याकडे साठी उलटलेल्या मराठी माणसाला कुठे ना कुठे विश्वस्त, सल्लागार, मार्गदर्शक करून ठेवायची पद्धत आहे. नारळ, शाल, लेटरहेडवर नाव आणि वर्षातून एक भाषण. मीही तेवढ्याच तयारीने गेले होते, म्हणून हे पत्र.

सुरुवात झाली नोव्हेंबरात. हयातीचा दाखला द्यायला मी जुन्या शाखेत गेले होते. काउंटरपाशी कवांटकडची एक मुलगी पासबुक घेऊन उभी होती. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर पैसे जमा झाल्याचं दिसत होतं, पासबुकात मात्र एक ओळही नव्हती. साडेआठ हजारांचा प्रश्न होता आणि तिची ही चौथी खेप होती. जुन्या सवयीने मी तिला बाजूला घेतलं. आता सरकारी शिष्यवृत्ती आधारवर जाते. अर्जात तुम्ही कोणता खाते क्रमांक लिहिला याला फारसा अर्थ उरत नाही. तुमचा आधार सगळ्यात शेवटी ज्या बँकेला जोडला गेला, बँकांमधले ऑनलाइन व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत त्या बँकेचं नाव असतं आणि पैसे तिथे जातात. या मुलीने गावात सिमकार्ड घेताना यंत्रावर अंगठा लावला होता. दुकानदाराने त्याच अंगठ्यावर तिचं आणखी एक खातं उघडून टाकलं होतं. पैसे सुखरूप होते, पण जे खातं आपलं आहे हेच तिला ठाऊक नव्हतं, त्यात. संमतीचा फॉर्म भरून आधार पुन्हा या शाखेला जोडला आणि ते साडेआठ हजार तिकडून काढून घ्यायला तिला पाठवलं. अर्ध्या तासाचं काम.

पुढच्या आठवड्यात ती आणखी तिघांना घेऊन घरी आली. म्हणाली, "मासी, आमच्या ट्रस्टमध्ये या ना. काम आम्ही करू, तुमचं फक्त नाव पाहिजे."

संस्था म्हणजे पंधराएक पोरं. बहुतेक विद्यापीठात शिकणारी, छोटा उदेपूर, नसवाडी, डभोई अशा भागांतली, आणि बहुतेकांच्या घरातून कॉलेजात जाणारं पहिलंच माणूस. फतेहगंजमध्ये एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी बसतात. नव्या मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतात. अडीच लाखांच्या मर्यादेसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला मामलतदार कचेरीत सोबत जातात. गुजराती माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी तासांच्या नोट्स समजावून सांगतात. वर्गात किंवा हॉस्टेलवर जातीवरून कोणी कोणाला बोललं तर अर्ज लिहून देतात आणि त्या मुलासोबत जाऊन उभी राहतात. याला ती सामाजिक न्याय म्हणतात. माझ्या जाऊबाईंनी फोनवर विचारलं, "म्हणजे राजकारण का गं?" मी म्हटलं, सध्या तरी झेरॉक्स.

पहिल्या सभेत मी वीस मिनिटं बोलले. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण कसं सुरू केलं, 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला कसं लागू झालं, आपण बडोदेकर किती भाग्यवान, वगैरे. कार्यवृत्त लिहिणारी मुलगी पेन वर धरूनच बसली होती. मी थांबल्यावर तिने अगदी निरागसपणे विचारलं, "मासी, आ बधुं मिनिट्समां लखवानुं छे?" म्हणजे हे सगळं कार्यवृत्तात लिहायचं का? त्यानंतर मी भाषण केलेलं नाही.

काम सापडलं ते लेटरहेडवरच. त्यावर पाच सल्लागारांची नावं होती, त्यातले एक दोन वर्षांपूर्वी वारलेले. ज्या दोन माजी विद्यार्थ्यांच्या सहीने बँकेचं खातं चालायचं त्यातला एक नोकरीसाठी सुरतेला आणि दुसरा कॅनडात. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चॅरिटी कमिश्नरकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो तीन वर्षांत कोणी दिलाच नव्हता, त्यामुळे पीटीआरच्या, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर जुनीच नावं आणि बँक म्हणते नवा उतारा आणा. हे वाक्य मी स्वतः काउंटरच्या आतून किती संस्थांना ऐकवलं असेल! पलीकडे उभं राहिल्यावर कळलं की 'नवा उतारा आणा' या तीन शब्दांत सभेची नोटीस, राजीनामे, ठराव, संमतीपत्रं, उशीर माफ करण्याचा अर्ज आणि कॅनडाहून येणारं कुरियर एवढं सगळं बसतं. तोवर झेरॉक्सवाल्याची उधारी पोरांनी वर्गणी काढून भागवली. व्हाउचरची फाइल तर 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुरात भिजलेली होती, समामधल्या एकाच्या तळमजल्यावरच्या खोलीत. त्याने एकेक कागद दोरीवर वाळत घातला होता. शाई पसरलेली, पण रकमा वाचता येतात. मी ऑडिटच्या टेबलावर यापेक्षा वाईट व्हाउचरं पाहिली आहेत, तीही कोरडी.

त्या पाच सल्लागारांपैकी एकानेही तो उतारा कधी मागून पाहिला नव्हता. सगळे सज्जन, आमच्यातलेच.

इथवरचं लिहायला सोपं होतं. पुढचं लिहू की नको या विचारात हे पत्र महिनाभर टेबलावर पडून होतं.

डभोईकडचा एक मुलगा, एम.एस्सी.चा, चेंज रिपोर्टवर सही घ्यायला घरी आला. आमचा वाडा जुना. माडीवर रस्त्याच्या बाजूला एक खोली आहे, माझा मुलगा पुण्याला गेल्यापासून कुलूप लावलेली. चहा पिताना त्याची नजर जिन्यावरून वर गेली. म्हणाला, "मासी, वरची खोली भाड्याने द्यायची आहे का?" त्याला हॉस्टेल मिळालं नव्हतं. नऊ ठिकाणी जाऊन आला होता. फोनवर सगळे या म्हणतात, खोली दाखवतात, डिपॉझिटही सांगतात. मग आडनाव विचारतात. त्यावर घरमालकाला आठवतं की खोली कालच गेली, किंवा आपल्याला कुटुंबच हवं आहे, किंवा फक्त शाकाहारी. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता, बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होता.

मी म्हटलं, "दीरांना विचारावं लागेल. घर सामाईक आहे."

तो बरं म्हणाला, सही घेतली आणि गेला.

रविवारी रिक्षा काळ्या घोड्यापाशी अडकली. समोर कमाटीबाग. तिथली संकल्पभूमी, म्हणजे डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढायचा संकल्प केला ती जागा, बडोद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, 23 सप्टेंबरला तिथे केवढी गर्दी होते. 1913 मध्ये सयाजीरावांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. हे आम्ही फार अभिमानाने सांगतो, मीही त्या वीस मिनिटांत सांगितलं होतं. ते परत येऊन 1917 मध्ये इथे नोकरीत रुजू झाले ते अकाउंटंट जनरलच्या कचेरीत, म्हणजे माझ्याच धंद्यात. त्या माणसाला या गावात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, तिथून अकराव्या दिवशी लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढलं. दोन मित्र होते गावात. एकाने घरचे नोकर निघून जातील असं कारण सांगितलं, दुसऱ्याने बायकोला विचारावं लागेल म्हटलं. मग रात्री नऊच्या गाडीपर्यंत ते या बागेत बसून राहिले.

एकाचे नोकर, दुसऱ्याची बायको. माझे दीर.

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी त्या दिवशी सभेत फारसं बोलले नाही. तो मुलगा समोरच बसला होता, नेहमीसारखा हिशेब वाचून दाखवत.

घरी आल्यावर दिरांना पुण्याला फोन लावला. ते म्हणाले, "दे की, चांगला मुलगा बघून दे." मी नाव आणि आडनाव सांगितलं. तिकडे जरा शांतता. "बघू. दिवाळीत येतो तेव्हा बोलू." दिवाळीला अजून कितीतरी महिने होते. मी त्यांना वाईट म्हणत नाही. आठवडाभर तेच उत्तर मला सोयीचं वाटलं, हे कबूल करते.

मग एका दुपारी वाटणीपत्र काढलं. सासऱ्यांच्या हयातीत झालेलं, माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी. आयुष्यभर लोकांचे दस्तऐवज वाचले, हा आपल्या घरचा कधी उघडला नव्हता. चौथ्या कलमात स्वच्छ लिहिलं आहे: माडीवरची रस्त्याकडची खोली, जिन्यासह, थोरल्या मुलाकडे. म्हणजे माझ्या यजमानांकडे, आणि ते गेल्यावर माझ्याकडे. कोणालाही विचारायची गरज नव्हती. कधीच नव्हती.

त्याला फोन केला तेव्हा कळलं की त्याने गोत्रीकडे एका मित्राबरोबर तात्पुरती सोय केली आहे, चौघं एका खोलीत. तो पुढच्या रविवारी येऊन खोली पाहून गेला. भाडं किती ते त्यानेच विचारलं, मी बाजारभावापेक्षा कमी सांगायला लागले तर म्हणाला, "मासी, रीतसर करू. मला करारनामा पाहिजे, पत्त्याच्या पुराव्याला लागतो." मग 11 महिन्यांचा करार केला, भाडेकरूची नोंद पोलिसांकडे दिली. नळाला नवा वॉशर बसवायचा राहिला आहे. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कोण गं, गावाकडचा का?" मी आडनाव सांगितलं. त्या "हो का" म्हणाल्या आणि तुळशीला पाणी घालायला लागल्या. दिरांना मी पत्र लिहून वाटणीपत्राची झेरॉक्स जोडली आहे. उत्तर आलेलं नाही.

आपला अंक बडोद्यातही वाचला जातो म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्या विश्वस्त मंडळात दोन जागा रिकाम्या आहेत. 80जीच्या, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीच्या, कागदांची माहिती असणारं एक माणूस हवं आणि गुजरातीत अर्ज नीट लिहू शकणारं एक. रविवारी सकाळी दहा ते एक बसावं लागतं, रिक्षाभाडं आपलं आपण, आणि खोलीत पंखा एकच आहे. लेटरहेड नवं छापलं आहे, त्यावर सल्लागारांचा रकाना ठेवलेला नाही.

दुसरं, रावपुऱ्यात, मांडवीत, आमच्या दांडिया बाजारात अशा कुलूपबंद खोल्या किती असतील ते प्रत्येकाने आपापल्या जिन्यावर जाऊन पाहावं. जूनमध्ये नवे प्रवेश होतील. आमच्याकडे आत्ताच सहा मुलांची नावं आली आहेत, त्यात दोन मुली. आडनावं मी आधीच सांगेन.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
दांडिया बाजार, बडोदे